पांढरं पाकीट, लाल पाकीट: पंधरा वर्षं हाताळलेल्या एसीटी-एसपीबद्दल

मलेरियाच्या औषधाचं हे पाकीट तळहाताएवढं. गोळ्यांची एक पट्टी, त्यावर तीन दिवसांचे तीन भाग. पहिल्या दिवसाच्या भागात गोळ्या जास्त, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कमी. वयाप्रमाणे रंग: वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, १ ते ४ वर्षांना पिवळं, ५ ते ८ ला हिरवं, ९ ते १४ ला लाल आणि १५ च्या पुढे पांढरं. दुकानात मागायची वस्तू नाही ही. सरकारी आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात, आशाताईच्या पिशवीत फुकट मिळते. फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाची सगळ्यात घातक जात, निघाली की हे पाकीट.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. देशभर प्रत्येक फाल्सिपेरम रुग्णाला जोड औषध (एसीटी) द्यायचं असं २०१० मध्ये ठरलं, तेव्हापासून ही पाकिटं माझ्या टेबलावर आहेत. पावसाळ्यात दिवसाला चाळीस-पन्नास स्लाइडी बघते. रोज जी वस्तू लोकांच्या हातात देते तिच्याबद्दल बरंवाईट लिहावं, असं फार दिवस मनात होतं.

आधी पाकिटात काय आहे ते. दोन औषधं. एक आर्टेसुनेट, तीन दिवस रोज. पांढऱ्या पाकिटात रोज २०० मिलिग्रॅम. दुसरं सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन, म्हणजे आमच्या भाषेत एसपी. ते फक्त पहिल्या दिवशी. मोठ्या माणसाला त्याच्या दोन गोळ्या, मिळून १५०० आणि ७५ मिलिग्रॅम.

आर्टेसुनेटचा झपाटा मी सूक्ष्मदर्शकात डोळ्यांनी बघते. पहिल्या दिवशीच्या स्लाइडवर प्रत्येक क्षेत्रात अंगठीसारखे जंतू, एकेका तांबड्या पेशीत दोन-दोन, कडेला चिकटलेले. दुसऱ्या दिवशी शोधावे लागतात. तिसऱ्या दिवशी शंभर क्षेत्रं तेलाच्या भिंगाखाली फिरवली तरी बहुधा एकही नाही. जंतूची एक फेरी ४८ तासांची असते आणि त्या एका फेरीत हे औषध जंतूंची संख्या सुमारे दहा हजार पटीने खाली आणतं. तीन दिवस घेतलं की दोन फेऱ्या सापडतात. पण फार आजारी माणसाच्या अंगात जंतू एक लाख कोटींपर्यंत असू शकतात, म्हणून दोन फेऱ्यांनंतरही काही हजार उरू शकतात. आर्टेसुनेट अंगात काही तासच टिकतं. उरलेल्यांचा निकाल एसपीने लावायचा, कारण ते रक्तात आठवडे रेंगाळतं. एक घाव घालतो, दुसरा राखण करतो. दोघांचं काम वेगळं, आणि एकाच जंतूत दोघांनाही चुकवणारे बदल एकदम असण्याची शक्यता फार कमी. हीच या पाकिटाची खरी कल्पना. मला ती मनापासून पटते.

आता तक्रार, आणि ती एसपीबद्दल आहे.

एसपी जंतूची फोलेट (वाढीला लागणारं जीवनसत्त्व) बनवायची वाट दोन ठिकाणी अडवतं. पायरीमेथामिन डीएचएफआर नावाच्या विकरावर (एन्झाइमवर) बसतं, सल्फाडॉक्सिन डीएचपीएसवर. जंतूने काय केलं, तर त्या विकरांचा आकार जरासा बदलला. डीएचएफआरच्या साखळीत १०८ व्या जागी सेरीन हे अमिनो आम्ल होतं तिथे ॲस्परजीन आलं. एवढ्या एका मण्याच्या फेरबदलाने पायरीमेथामिनची पकड ढिली झाली. मग ५९ व्या जागी बदल, मग ५१ व्या, आणि सगळ्यात वाईट १६४ व्या जागी. डीएचपीएसमध्ये ४३७ आणि ५४० या जागा. एकेक बदल आला की औषध थोडं आणखी निकामी. जिना चढावा तसा जंतू पायरी पायरीने वर जातो. आपल्या मध्य भारतात ५९ आणि १०८ असे दोन बदल असलेले जंतू पुष्कळ आहेत. तेवढ्याने एसपी अजून तग धरून होतं. ईशान्येकडच्या राज्यांत मात्र जिना बराच वर गेलेला. तिथे तीन-तीन, चार-चार बदल एकत्र सापडले, आणि २८ दिवसांच्या पाठपुराव्यात औषध न लागू पडण्याचं प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने औषध बदलण्यासाठी आखलेली रेषा १० टक्क्यांचीच आहे. म्हणून २०१३ साली तिकडे हे पाकीट बंद करून आर्टेमेथर-लुमेफँट्रिन ही दुसरी जोडी दिली.

हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. जनुकं बघितली, रुग्ण मोजले आणि पाकीट बदललं. आधीच्या औषधाच्या, क्लोरोक्विनच्या वेळी आपण इतकी घाई केली नव्हती. क्लोरोक्विनला दाद न देणारा फाल्सिपेरम आपल्याकडे १९७३ मध्ये आसामात सापडला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं देशाच्या बहुतेक भागांत क्लोरोक्विनच चालू होतं. माझे वडील तेव्हा मलेरिया खात्यात फवारणी कामगार होते. ते सांगायचे, चार कडू गोळ्या खाऊनही ताप परत यायचा, आणि लोक म्हणायचे की गोळ्याच बनावट. गोळ्या खऱ्या होत्या. जंतूच्या पोटात एक थैली असते, तिच्यात तो आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन पचवतो आणि क्लोरोक्विन तिथेच साचून त्याला मारतं. पीएफसीआरटी नावाच्या जनुकात ७६ व्या जागी लायसिनचं थ्रिओनिन झालं की त्या थैलीच्या भिंतीतलं दार बदलतं आणि औषध बाहेर उपसलं जातं. हे जनुक २००० साली उलगडलं. वडील १९९८ मध्ये गेले. त्यांना हे सांगायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं.

याच गोष्टीतला मलावीचा भाग मी आशाताईंच्या प्रशिक्षणात दर वेळी सांगते. मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्विन पूर्ण थांबवलं. दहा-बारा वर्षांत तिथले बदललेले जंतू मागे पडले, जुने साधे जंतू परत आले, आणि पुन्हा चाचणी घेतली तेव्हा क्लोरोक्विन जवळजवळ प्रत्येक मुलाला लागू पडलं. औषध नसेल तेव्हा बदललेलं दार जंतूला ओझंच होतं. आपल्याकडे तसं झालं नाही, कारण व्हायव्हॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीसाठी क्लोरोक्विन अजून रोज दिलं जातं आणि दोन्ही जंतू त्याच गावात, कधी त्याच माणसात असतात.

पाकिटाकडे परत येते. याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे दोन्ही औषधं एकाच पट्टीत आहेत. सुटी आर्टेसुनेट गोळी पूर्वी औषधाच्या दुकानात मिळायची. २००९ मध्ये तोंडाने घ्यायच्या एकट्या आर्टेमिसिनिनवर (आर्टेसुनेट त्याच कुळातलं) आपल्या देशात बंदी आली आणि ते फार योग्य झालं. तरी अर्धवट उपचार संपलेले नाहीत. दोन वर्षांपूर्वी एक बाई आठव्या दिवशी ताप घेऊन माझ्याकडे आली. आधी एका खाजगी दवाखान्यात तिला याच जातीच्या औषधाचं एक इंजेक्शन दिलं होतं, एकच, सोबत गोळी कुठलीच नाही. त्या दिवशी ताप उतरला, पैसे दिले, घरी गेली. माझ्या स्लाइडवर जंतू भरभरून. जोडीदाराशिवाय घाव घालून सोडलेले ते जंतू होते. मला त्या दिवशी फार राग आला होता आणि अजूनही येतो.

दुसरा गुण रंगांचा. ज्यांना अक्षर येत नाही त्या आशाताईच्या सासूनेही रात्री बरोबर पाकीट काढलेलं मी ऐकलं आहे. पण रंग वयावर आहे, वजनावर नाही, आणि इथे मला काळजी वाटते. आमच्या आश्रमशाळेतली नऊ वर्षांची पोरं अठरा-एकोणीस किलोची असतात. लाल पाकिटातलं रोजचं १५० मिलिग्रॅम त्यांना भरपूर होतं, चालतं. उलट बाजूला पोलीस मदत केंद्रावरचा राखीव दलाचा जवान, वजन ८५ किलो. त्याला पांढऱ्या पाकिटातले २०० मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे सव्वादोन-अडीच. हवे असतात चार. एसपीही त्याला कमीच पडतं. कमी औषधात सगळे जंतू मरत नाहीत. ज्यांच्यात एखादा बदल आहे तेवढे जगतात आणि पुढे त्यांचीच पिलावळ. जाड माणसासाठी वेगळा रंग असायला हवा होता असं मला वाटतं. मी अशा जवानांचं वजन कागदावर मोठ्या अक्षरात लिहून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवते. त्रिपुरा किंवा मिझोरमातून नुकतीच बदली झाली असेल तर तेही लिहिते. काय द्यायचं ते त्यांनी ठरवायचं, पण जंतू कुठला असू शकतो हे त्यांना कळलं पाहिजे. बदललेलं डीएचएफआर आग्नेय आशियातून आफ्रिकेपर्यंत गेलं. आगरतळ्याहून गडचिरोली तर आगगाडीचाच प्रवास.

तिसरी गोष्ट, या पाकिटात प्रायमाक्विन नाही. ते वेगळं द्यावं लागतं, दुसऱ्या दिवशी, एकच मात्रा, मोठ्यांना ४५ मिलिग्रॅम. बाळांना आणि गरोदर बाईला नाही. वेगळं असल्यामुळे ते विसरतं. ताप तर आर्टेसुनेटने उतरलेला असतो, मग ही गोळी कशाला, असं घरच्यांना वाटतं. पण स्लाइडवर केळ्याच्या आकाराचे जे नर-मादी जंतू राहतात, त्यांना मारायला ही गोळी. ते माणसाला त्रास देत नाहीत. डासाच्या पोटात मात्र तेच जातात, तिथे त्यांचं मीलन होतं आणि जनुकांची सरमिसळही तिथेच होते. एका जंतूतला डीएचएफआरचा बदल आणि दुसऱ्यातला डीएचपीएसचा बदल एका पिल्लात एकत्र यायची जागा म्हणजे डासाचं पोट. ही एक गोळी पट्टीतच बसवली असती तर माझी अर्धी फेरी वाचली असती.

आणि चौथी, जी पाकिटाचीही आहे आणि आमचीही. पट्टीवर चित्र नाही. माडिया ही इथली आदिवासी बोली तर सोडाच, सोप्या मराठीतही ‘तिन्ही दिवस’ असं ठळक लिहिलेलं पट्टीवर मी आजवर पाहिलं नाही.

गेल्या सप्टेंबरात नाल्याला पूर होता. पलीकडच्या टोल्यावरून, म्हणजे वस्तीवरून, एक बाप सहा वर्षांच्या मुलीला खांद्यावर घेऊन, कमरेएवढ्या पाण्यातून आला. किटवर फाल्सिपेरमची रेघ गडद. हिरवं पाकीट दिलं. पहिली मात्रा माझ्यासमोर, गोळी चमच्यात विरघळवून पेजेबरोबर. अर्धा तास बसवून ठेवलं, कारण तेवढ्यात उलटी झाली तर मात्रा परत द्यावी लागते आणि एसपी तर एकदाच असतं. उलटी झाली नाही. बापाला तीन बोटं दाखवून सांगितलं, आज, उद्या, परवा. त्याने मान हलवली.

पाचव्या दिवशी पाणी उतरल्यावर आशाताईबरोबर मी त्या टोल्यावर गेले. मुलगी अंगणात खेळत होती. पट्टी दाखवा म्हटलं तर बाप घरात गेला आणि छपराच्या वाशात खोचलेली पट्टी काढून आणली. नीट घडी करून, प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळलेली. तिसऱ्या दिवसाची गोळी तशीच.

“बाई, ताप उतरला न तिचा. मंग गोळी कायले वाया घालवू? लहान्याले ताप आला तं त्याले होईल म्हून ठेवली.”

त्याने चुकीचं काहीच केलं नव्हतं. पूर आला की आठ-आठ दिवस औषध मिळत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. एक गोळी म्हणजे घरातली शिल्लक. मी त्याच्या ओसरीवर बसले आणि भाताचं उदाहरण घेतलं. शेतात दोनदा निंदण केलं, तिसऱ्यांदा सोडलं तर काय राहतं? तो म्हणाला, बडग्या. म्हणजे धानासारखंच दिसणारं तण, जे पहिल्या दोन निंदणीत ओळखू येत नाही. पुढच्या वर्षी त्याचंच बी पडतं ना, मी विचारलं. तो हसला नाही, मुलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, “हे तवाच सांगाले पायजे होतं, बाई.” खरंच होतं. त्या दिवसापासून मी पाकिटाबरोबर ही गोष्ट देते. दोन मिनिटं लागतात.

आर्टेसुनेट अजून आपल्याकडे धडाक्याने काम करतं, पण याच औषधाबद्दल काय होऊ शकतं ते जगाने पाहिलं आहे. पश्चिम कंबोडियात, पैलिनच्या आसपास, २००८-०९ पासून जंतू तिसऱ्या दिवशीही स्लाइडवर दिसू लागले. कारण २०१४ मध्ये सापडलं: १३ व्या गुणसूत्रावरच्या केल्च जनुकातले बदल, त्यातला ५८० व्या जागचा सगळ्यात पसरलेला. आर्टेमिसिनिनला पेट घ्यायला जंतूने हिमोग्लोबिन पचवताना सुटणारं हीम लागतं. बदललेला जंतू अंगठीच्या वयात हिमोग्लोबिन कमी गिळतो आणि औषध पेटतच नाही. ते औषध काही तासांत निघून जाणार, तेवढा वेळ तो उपाशी काढतो. मग २०२० मध्ये रवांडातून ५६१ व्या जागच्या बदलाची बातमी आली, आणि तो कंबोडियातून आलेला नव्हता; तिथेच उपजला होता. म्हणजे कुंपण घालून भागत नाही. जिथे अर्धवट औषध पडतं तिथे तो उगवू शकतो, आमच्या टोल्यावरसुद्धा.

म्हणून माझ्यासाठी या पाकिटाची खरी परीक्षा तिसऱ्या दिवशीच्या स्लाइडवर असते. रॅपिड किट इथे कामाचं नाही. त्याला जे प्रथिन दिसतं ते जंतू मेल्यावरही कित्येक दिवस रक्तात राहतं. स्लाइडच हवी. एका वर्षी आमच्याकडे २८ दिवसांच्या पाठपुराव्याचं काम होतं: ० ते ३ रोज, मग ७, १४, २१, २८. प्रत्येक वेळी बोटातून तीन थेंब गाळणकागदावर. कागद सावलीत तीन-चार तास वाळवायचा, थेंबाला बोट लावायचं नाही, नाव पेन्सिलीने लिहायचं, सिलिका जेलच्या पुडीसकट बंद पिशवीत. एक चौदा वर्षांचा मुलगा २१ व्या दिवशी परत पॉझिटिव्ह निघाला आणि माझ्या पोटात गोळा आला. औषध हरलं असंच वाटलं. कित्येक महिन्यांनी निकाल कळला: पहिल्या दिवशीच्या थेंबातला जंतू आणि २१ व्या दिवशीचा जंतू वेगळे. दोन्हींची जनुकं ताडून बघितली होती. म्हणजे जुना जंतू मेला होता, मुलाला नवा डास चावला होता. त्या दिवशी मी घरी जाताना त्याच्यासाठी मच्छरदाणी घेऊन गेले; त्याची जुनी त्याच्या वडिलांनी मासे धरायला नेली होती.

पाचपैकी किती, असं कुणी विचारलं तर चार. मनात साडेतीन येतं ते प्रायमाक्विन आणि पट्टीवरच्या चित्रासाठी. पण ज्या पोरांना मी तिसऱ्या दिवशी धावताना पाहिलं आहे त्यांना आठवून चार. ज्यांच्या हातात हे पाकीट येईल त्यांनी सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगावं, गरोदर असाल तर आधी सांगावं, आणि अर्ध्या तासात उलटी झाली तर लाजू नये, परत यावं.

आता आम्ही रिकाम्या पट्ट्या परत मागतो. माझ्या टेबलाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, त्यात चौथ्या दिवशी आशाताया पट्ट्या आणून टाकतात, मागे नाव आणि टोला लिहून. हिरव्या पाकिटाचा तो बाप स्वतः आणून देतो, त्याच्या धाकट्याची पिवळी पट्टी त्याने ऑगस्टमध्ये आणली, तिन्ही दिवस फोडलेले. काल संध्याकाळी डबा मोजला. एकवीस पट्ट्या, वीस रिकाम्या. एका पांढऱ्या पट्टीत तिसऱ्या दिवसाची गोळी आहे. नाव वाचता येतं, टोला सात किलोमीटरवर. उद्या सकाळी मी आणि आशाताई निघतोय, स्लाइडी बरोबर घेऊन.